अनोळखी उपनगरात खरी स्थानिक क्राफ्ट बिअर मोबाइलवरून कशी शोधायची? संपूर्ण माहिती



ट्रेनिंग, इंटरव्ह्यू किंवा मित्राचं लग्न, अशा कुठल्याही कारणाने आपण पुण्यासारख्या शहरात जातो तेव्हा राहायची सोय डेक्कनला किंवा कॅम्पात क्वचितच होते. हॉटेल मिळतं ते खराडीला, वाकडला, नाहीतर बाणेरला. संध्याकाळी सात वाजता काम संपतं, आजूबाजूला काचेच्या इमारती आणि उंच टॉवर, ओळखीचं कुणी नाही. अशा वेळी इथली स्थानिक क्राफ्ट बिअर प्यायची असेल तर आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि ‘निअर मी’ टाकून सर्च मारतो. लाल पिनांचा सडा पडतो आणि त्यातल्या निम्म्या पिनांचा क्राफ्ट बिअरशी काहीही संबंध नसतो.

मी मूळचा नाशिकचा, म्हणजे आमच्याकडे चर्चा वाइनची. पण कामामुळे खराडीला वरचेवर मुक्काम पडतो आणि ही शोधाशोध मी बऱ्याचदा केली आहे. त्यामुळे या लेखातली उदाहरणं मुख्यतः पुण्याच्या पूर्व भागातली आहेत. पद्धत मात्र ठाण्यात, हिंजवडीत किंवा बेंगळुरूच्या व्हाइटफिल्डमध्येही तशीच चालते.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षं आहे आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. तुमचं वय त्याहून कमी असेल तर यातला मॅप्सचा आणि ऑनलाइन फसवणुकीचा भाग जरूर वाचा, तो सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. बाकीचं वय झाल्यावर.

क्राफ्ट बिअर म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर छोट्या प्रमाणावर, ब्रुअरच्या स्वतःच्या पाककृतीने बनवलेली बिअर. दुकानात मिळणारी बाटली मोठ्या कारखान्यात लाखो लिटरमध्ये तयार होते आणि महिनोन् महिने टिकावी म्हणून ती गाळलेली, पाश्चराइज केलेली असते. मायक्रोब्रुअरीतली बिअर बहुधा तशी नसते. ती ताजी असते, पुष्कळदा किंचित गढूळ दिसते आणि फार दिवस टिकत नाही. म्हणूनच ती जिथे बनते तिथेच जाऊन पिण्यात मजा आहे.

आता आपल्या शोधासाठी महत्त्वाचा मुद्दा. मॅप्सवर ‘ब्रुअरी’ असं लिहिलेल्या जागा प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार म्हणजे मायक्रोब्रुअरी. तिथेच टाक्या, तिथेच टेबलं आणि तिथेच ग्लास. पुण्यात याची सुरुवात लवकर झाली. २००९ मध्ये कोरिंथियन्स या हॉटेलात डूलाली सुरू झाली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. (जाता जाता, इंग्रजीतला ‘डूलाली’ हा शब्द आमच्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं, म्हणून डोकं फिरलेला माणूस म्हणजे ‘डूलाली’. नाशिककरांनी याचा अभिमान बाळगायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.) पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिनगट आली आणि शहराच्या कडेकडेने बरीच नावं वाढत गेली.

दुसरा प्रकार म्हणजे बिअर बनवून पिंपातून, म्हणजे केगमधून, इतर हॉटेलांना पुरवणारी ब्रुअरी. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे गेटवे ब्रुइंग. मुंबईतल्या बारमध्ये जिची व्हाइट झेन लोक चवीने प्यायले, ती बिअर बनायची डोंबिवलीच्या एमआयडीसीत! पण डोंबिवलीत उतरून रिक्षाने त्या कारखान्यापाशी गेलात म्हणून तिथे ग्लास मिळेल असं नाही. पुण्याची ग्रेट स्टेट एल वर्क्ससुद्धा केगमधून बिअर पुरवण्यासाठीच ओळखली गेली. अशा ब्रुअरीची बिअर प्यायची तर कारखान्याची पिन उपयोगाची नाही, ती बिअर ज्या बारच्या नळावर लागते त्या बारची पिन शोधावी लागते.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. नावात ‘ब्रू’, भिंतीवर उघड्या विटा, छताला पिवळे बल्ब आणि फ्रिजमध्ये नेहमीच्याच बाटल्या. यात बेकायदा काही नाही. नाव काय ठेवायचं ते मालकाच्या हातात आणि मॅप्सवरचा प्रकार निवडायचा तोही बऱ्याचदा त्याच्याच हातात. आपल्याला ओळखता आलं पाहिजे, एवढंच.

ब्रँडच्या नावावरूनही फसू नका. २०१५ मध्ये बाजारात आलेली बिरा ९१ सुरुवातीला चक्क बेल्जियममध्ये तयार होऊन इकडे यायची. बिअर चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा, पण ‘स्थानिक’ ती तेव्हा नव्हती. आणि अगदी काटेकोर व्हायचं तर मायक्रोब्रुअरीतले हॉप्ससुद्धा बहुतेक परदेशातूनच येतात, आपल्याकडे त्यांची लागवड फारच थोडी आहे. त्यामुळे मी ‘स्थानिक’चा अर्थ साधा धरतो: या गावात शिजली, या गावात आंबवली.

‘निअर मी’ टाकू नका

मित्रांनो, ‘निअर मी’ हा या कामासाठी सगळ्यात आळशी सर्च आहे. मॅप्स तेव्हा जवळपणाला आणि प्रसिद्धीला महत्त्व देतं. तुम्ही ‘बिअर निअर मी’ टाकलंत तर आधी वाइन शॉप, मग बिअर शॉपी, मग परमिट रूम. मायक्रोब्रुअरी कुठेतरी खाली.

त्याऐवजी ‘मायक्रोब्रुअरी’ हा शब्द आणि पुढे भागाचं नाव टाका, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. ‘मायक्रोब्रुअरी मुंढवा’, ‘मायक्रोब्रुअरी बाणेर’, ‘मायक्रोब्रुअरी कोरेगाव पार्क’. मराठीतून टाकलं तर निकाल येतात, पण कमी, कारण मालक आणि ग्राहक दोघेही माहिती इंग्रजीत भरतात. मग ‘टॅपरूम’ आणि ‘ब्रूपब’ हे दोन शब्दही एकदा टाकून बघा. पुण्यात शोधताना मध्येच ‘मीडरी’ दिसली तर गोंधळू नका. मीड म्हणजे मध आंबवून केलेलं पेय. २०१८ पासून पुण्यात मूनशाइनची मीडरी आहे. चवीला छान, पण बिअर नव्हे.

भागाचं नाव टाकायचं आणखी एक कारण आहे. अनोळखी उपनगरात अंतर फसवतं. खराडी मुळा-मुठेच्या एका काठावर, मुंढवा दुसऱ्या. तीच गत कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्कची. नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं, पण मध्ये नदी आहे आणि पूल ठरावीक. संध्याकाळी साडेसातला मुंढवा चौकात अडकलात की ‘दोन किलोमीटर’ या शब्दाचा अर्थच बदलतो. म्हणून पिनवरचं अंतर वाचू नका, ‘डिरेक्शन्स’ दाबून वेळ बघा. कॉम्प्युटरवर आणि बऱ्याच फोनमध्ये निघायची वेळ पुढची टाकूनही अंदाज घेता येतो.

आणि हॉटेलच्या वायफायवर असतानाच त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. प्रोफाइल फोटोवर टॅप केलं की ‘ऑफलाइन मॅप्स’ हा पर्याय दिसतो. तळघरातल्या बारमध्ये नेटवर्क गेलं तर हाच कामाला येतो.

फोटो आणि रिव्ह्यू: खरा शोध इथे लागतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पिन सापडली, रेटिंग ४.४ आहे, तेवढ्यावर निघायचं का? नाही. कारण ते रेटिंग बिअरचं नसतं. लोक स्टार देतात ते गाण्यांना, पनीर टिक्क्याला, पार्किंगला आणि वेटरच्या वागण्याला. शनिवारी रात्री जागा मिळाली नाही म्हणून एक स्टार देणारेही असतात. बिअरबद्दल जाणून घ्यायचं तर खणावं लागतं, आणि ते पाच मिनिटांचं काम आहे.

आधी फोटो उघडा. मालकाने टाकलेले फोटो सोडून द्या, ते जाहिरातीचे असतात. लोकांनी टाकलेले बघा. त्यात मी तीन गोष्टी शोधतो. पहिली, स्टीलच्या उंच, नळकांड्यासारख्या टाक्या. मायक्रोब्रुअरीत त्या बहुधा काचेमागे मुद्दाम दिसतील अशा ठेवलेल्या असतात, कारण तीच तर त्यांची शान. शंभर फोटोंमध्ये एकही टाकी दिसत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी, काउंटरवरचे नळ. नळांवर मोठ्या कंपन्यांची नावं आहेत की घरच्या बिअरची? तिसरी आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे फळा किंवा मेन्यू.

मेन्यूचा फोटो झूम करून वाचा. स्वतः बिअर बनवणाऱ्या जागेच्या फळ्यावर बिअरचे प्रकार लिहिलेले असतात: हेफेवाइझेन, बेल्जियन विट, आयपीए, स्टाऊट, पिल्सनर. शेजारी अल्कोहोलचं प्रमाण टक्क्यांत, कधीकधी कडूपणाचा आकडा. अशा साधारण पाच ते दहा बिअर असतात आणि त्यातल्या एकदोन ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात आंब्याची वगैरे. उलट ज्या मेन्यूत ‘बिअर’खाली फक्त कंपन्यांची नावं आणि ‘पिंट’, ‘पिचर’, ‘बकेट’ एवढंच लिहिलंय, तो साधा बार समजा.

हे का चालतं? कारण बिअर ही चहासारखी हवी तेव्हा उकळता येत नाही. एल प्रकारची बिअर टाकीत साधारण दोन-तीन आठवडे घेते, लागर त्याहून जास्त. टाक्या मोजक्याच असतात. त्यामुळे खऱ्या मायक्रोब्रुअरीत एखादी बिअर संपते आणि फळ्यावर तिच्यापुढे रेघ मारलेली दिसते. मला तर अशी रेघ दिसली की बरं वाटतं. वर्षभर, रोज, सगळेच्या सगळे वीस नळ सुरू असं कुणी सांगत असेल तर त्यातलं बरंच काही बाहेरून येतंय, एवढं समजावं.

फोटोवर टॅप केल्यावर तो कधीचा आहे तेही दिसतं. दोन वर्षांपूर्वीचा फळा आज उपयोगाचा नाही. उपनगरात हॉटेलं धडाधड उघडतात आणि तितक्याच झपाट्याने मालक बदलतात. नाव तेच राहतं, टाक्या बंद पडतात.

मग रिव्ह्यू. ते ‘न्यूएस्ट’ने लावा. सुरुवातीला दिसतात ते ‘मोस्ट रेलेव्हंट’, त्यात जुनेही भरपूर असतात. रिव्ह्यूंमध्ये शोधायची सोय आहे, तिथे ‘फ्रेश’, ‘ब्रू’, ‘टॅप’, ‘विट’ असे शब्द इंग्रजीत टाका. “केळ्यासारखा वास आला, बिअर खराब होती” असा एखादा रागावलेला रिव्ह्यू दिसला तर हसू नका, तो उत्तम पुरावा आहे! हेफेवाइझेन या गव्हाच्या बिअरला यीस्टमुळे केळी आणि लवंगेसारखा वास येतोच. म्हणजे बिचाऱ्याला खरी बिअर मिळाली, आवडली नाही इतकंच. याउलट “फ्लॅट होती”, “आंबट लागली”, “व्हिनेगरसारखी” असं गेल्या महिन्याभरात तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर नळ किंवा टाकी नीट स्वच्छ होत नसावी. तिथे मी जात नाही, रेटिंग काहीही असो.

एका ओळीचे, पाच स्टारचे आणि एकाच वेटरचं नाव घेणारे रिव्ह्यू ओळीने दिसले तर तेही बाजूला ठेवा. बिल देताना “सर, रिव्ह्यू टाका ना” म्हणून लिहून घेतलेले असतात.

पुण्यासह काही शहरांत २०२२ पासून गूगलचं स्ट्रीट व्ह्यू पुन्हा सुरू झालंय. त्यात गेट कुठल्या रस्त्यावर आहे, फूटपाथ आहे का, बाजूला मोकळं मैदान आहे की वस्ती, हे आधी बघता येतं. एकटं जाणार असाल, विशेषतः मुली, तर हे जरूर करा.

अनटॅप्ड आणि इन्स्टाग्राम

अनटॅप्ड हे खास बिअरसाठीचं ॲप आहे, २०१० पासून सुरू असलेलं. लोक कुठली बिअर कुठे प्यायली ते नोंदवतात आणि ५ पैकी गुण देतात. इथे गुण बिअरला मिळतात, पनीर टिक्क्याला नाही, हा मोठा फायदा. ब्रुअरीचं नाव टाका, शेवटच्या नोंदी कधीच्या आहेत ते बघा. मात्र आपल्याकडे हे वापरणारे अमेरिकेच्या मानाने खूपच कमी आहेत. बेंगळुरू, पुणे, मुंबईत नोंदी सापडतात, छोट्या शहरात शुकशुकाट. म्हणून फक्त या ॲपवर विसंबू नका. एका नव्या जागेसाठी ॲप उतरवून अकाउंट उघडायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमध्ये ब्रुअरीचं नाव आणि पुढे ‘अनटॅप्ड’ टाका, बहुतेक माहिती तशीच दिसते.

इन्स्टाग्रामवर ब्रुअरीचं पान उघडून फक्त स्टोरी बघा. आज नळावर काय आहे ते तिथे कळतं. रील्स नकोत, रील्समध्ये फेस चांगला दिसतो, बाकी काही कळत नाही.

फोन करा, पण नंबर तपासून

निघण्याआधी एक फोन करावा हे माझं ठाम मत. प्रश्न एकच: “आज तुमच्या स्वतःच्या कुठल्या कुठल्या बिअर टॅपवर आहेत?” मायक्रोब्रुअरीतला माणूस धडाधड चार नावं सांगतो. “सर, सगळे ब्रँड मिळतील” असं उत्तर आलं की समजून जा.

पण मित्रांनो, इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. मॅप्सवरच्या जागेची माहिती, फोन नंबरसकट, बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतं. याचा गैरफायदा घेऊन मुंबई-पुण्यात वाइन शॉपच्या नावापुढे स्वतःचे नंबर टाकणाऱ्या टोळ्यांनी लोकांना गंडा घातल्याच्या बातम्या २०२०च्या लॉकडाउनपासून सातत्याने आल्या आहेत. पद्धत ठरलेली. तुम्ही फोन करता, समोरचा गोड बोलतो, “घरपोच मिळेल, आधी पैसे भरा” म्हणतो. मग “पेमेंट अडकलंय, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा” किंवा “ओटीपी सांगा”. आणि खातं रिकामं.

गेल्या वर्षी खराडीच्या हॉटेलात माझ्या रूममेटने असाच एका दुकानाच्या नावाखालचा नंबर लावला. स्पीकर चालू होता. त्या माणसाने भाग विचारला नाही, पत्ता विचारला नाही, थेट गूगल पेचा नंबर मागितला. दुकानदार आधी विचारतो, “कुठे पाठवायचंय?” हा आधी पैशांवर आला, तेव्हाच आम्ही फोन ठेवला.

त्यामुळे हे नियम पक्के करा. मॅप्सवरचा नंबर ब्रुअरीच्या वेबसाइटवरच्या किंवा इन्स्टाग्राम पानावरच्या नंबरशी जुळतो का, ते बघा. टेबल बुक करायला किंवा चौकशीला ओटीपी लागत नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जाणारच. “मेन्यू पाठवतो” म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर ती उघडू नका, मेन्यू पीडीएफमध्ये किंवा फोटोत असतो, ॲपमध्ये नाही. स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर सरळ फोन कट. आणि तरीही कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता जास्त. दारूचा विषय आहे म्हणून लाजून गप्प बसणारे बरेच असतात, चोरट्यांचं नेमकं तिथेच फावतं.

ओळखपत्र, परवाना आणि ड्राय डे

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याआधी तो मुलगा पबमध्ये दारू प्यायला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणानंतर पुण्यात वयाच्या तपासणीवर सगळ्यांचंच लक्ष गेलं. दारात ओळखपत्र मागितलं तर वाद घालू नका, दाखवा.

काय दाखवायचं? ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्यात बरं. डिजिलॉकरमध्ये ते आणून ठेवलंत तर फोनवरच दाखवता येतं. गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट चालेलच असं नाही. आधार दाखवायचंच झालं तर मास्क्ड आधार वापरा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. कुणी आधारचा फोटो काढून ठेवतो म्हणालं तर नकार द्या, जन्मतारीख डोळ्यांनी बघता येते.

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून ही तरतूद आहे. परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो, आणि एक दिवसाचा अगदी किरकोळ पैशांत तिथल्या तिथे मिळतो. वर्षाच्या किंवा आजीवन परवान्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

ड्राय डेबद्दल मॅप्सवर अजिबात विश्वास ठेवू नका. बाहेर कुलूप आणि मॅप्सवर हिरव्या अक्षरात ‘ओपन’, असं सर्रास असतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तर पाठच असतात. पण निवडणुकीचा विसर पडतो. मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात विक्री बंद असते, आणि मतमोजणीच्या दिवशीही बहुधा असतेच. याशिवाय गणेश विसर्जनासारख्या दिवशी जिल्हाधिकारी वेगळा आदेश काढतात. बाहेरगावचे असाल तर स्थानिक बातम्यांत ‘ड्राय डे’ आणि जिल्ह्याचं नाव टाकून एकदा बघा.

तिथे पोहोचल्यावर

पहिल्याच फटक्यात मोठा ग्लास मागवू नका. बहुतेक मायक्रोब्रुअरींत सॅम्पलर मिळतो, म्हणजे चार-सहा छोट्या ग्लासांत वेगवेगळ्या बिअर. काही ठिकाणी घोटभर चव फुकटही देतात, विचारायला लाजू नका. हलक्यापासून सुरुवात करा, स्टाऊट आणि आयपीए शेवटी, नाहीतर नंतरच्या बिअरची चवच कळत नाही. “सगळ्यात नवीन बॅच कुठली?” हा प्रश्न विचारा. फळ्यावरचे टक्केही बघा. ४.५ टक्क्यांची आणि ७.५ टक्क्यांची बिअर एकाच आकाराच्या ग्लासात येते आणि दोन्ही गार, गोड लागतात. फरक उठून उभं राहिल्यावर कळतो.

मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि खाण्यावर वेगळा जीएसटी, म्हणून बिलात दोन हिशेब दिसतील. तळघरात यूपीआय अडकतं, थोडी रोख जवळ ठेवा.

परत कसं यायचं ते जायच्या आधी ठरवा

गाडी किंवा बाइक घेऊन जाऊ नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दोन ग्लासच तर घेतले’ हे यंत्राला कळत नाही. भाड्याच्या स्कूटरलाही हाच नियम.

उपनगरात रात्री अकरानंतर रिक्षा दिसेनाशा होतात आणि कॅबचे दर चढतात. म्हणून संध्याकाळीच एकदा उबर, ओला, रॅपिडो उघडून परतीचं भाडं किती दाखवतंय ते बघून ठेवा, रात्री त्याच्या दीडपट-दुप्पट होईल असं धरून चाला. पुण्याची मेट्रो रामवाडीपर्यंत येते, पण ती मध्यरात्री नसते, शेवटच्या गाडीची वेळ आधी तपासा. हॉटेलचं नाव मॅप्समध्ये सेव्ह करा. एकाच साखळीची तीन हॉटेलं एकाच भागात असतात आणि झोपेत चुकीचं निवडलं जातं.

व्हॉट्सॲपवर घरच्या किंवा मित्राच्या एका माणसाला लाइव्ह लोकेशन पाठवा. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय असतात, ८ तासांचा निवडा. कॅबमध्ये बसल्यावर ॲपमधूनच ‘शेअर ट्रिप’ करा आणि गाडीचा नंबर जुळवल्याशिवाय दार उघडू नका. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की शेवटची ऑर्डर द्यायच्या आधी काउंटरवर चार्जर मागा, कारण कॅब, पैसे, नकाशा आणि हॉटेलचा पत्ता सगळं त्या एकाच फोनमध्ये आहे. पिकअपची पिन हायवेच्या किंवा बायपासच्या कडेला पडली असेल तर बोटाने सरकवून ब्रुअरीच्या गेटवर आणा, आणि गाडी गेटपाशी येईपर्यंत आतच बसून राहा.